बाहेरचे

घणसोली गावातल्या अंकुर मोकलला लोक ‘दादा’ म्हणू लागले त्याआधी तो ऐरोलीतल्या एका कंपनीत गाड्यांचा सुपरवायझर होता. कुठली गाडी कुणाला आणायला जाणार, कोण कुठे उतरणार, एवढंच त्याचं काम. तो ते शांतपणे करायचा. आवाज चढवलेला त्याच्या बायकोने, उत्कर्षाने, लग्नानंतर पहिली दोन वर्षं तरी ऐकला नव्हता.

उत्कर्षा कोपरखैरण्याची. तिचे वडील साताऱ्याहून मार्केटात माथाडी कामाला आलेले. वाशीच्या कॉलेजात तिची आणि अंकुरची ओळख झाली, आणि पुढे लग्न. सुरुवातीला गावातल्या बायका ‘घाटावरची सून’ म्हणून तिच्याकडे बघायच्या. सासू शांतीने मात्र पहिल्याच आठवड्यात तिला कोलंबी सोलायला शिकवली आणि विषय संपवला. शांती नाक्यावर मासळी विकायची. नवरा जानू वारला होता. खाडीकडची त्यांची शेती शहर वसवायला सरकारने घेतली तेव्हा जानू तरुण होता, आणि मरेपर्यंत तो समोरच्या टॉवरकडे बोट दाखवून आपला बांध कुठून कुठे जायचा ते सांगत असे.

शेती गेली, घर राहिलं. कुटुंबं वाढली तशी गावातल्या सगळ्यांनीच घरांवर मजले चढवले आणि खोल्या भाड्याने दिल्या. गाव जगत होतं ते त्या खोल्यांवर. पण कागदोपत्री हे सगळं बांधकाम अनधिकृत, त्यामुळे अधूनमधून नोटिसा यायच्या आणि कधी कधी जेसीबीही यायचा.

तसा एका सकाळी तो शेजारच्या उज्वलाच्या घरासमोर आला. उज्वला दारात बसून छाती बडवत होती, माणसं जमली होती, पोलीस होते. अंकुर ऑफिसचा शर्ट घालून निघाला होता. तो गर्दीतून पुढे गेला आणि कुणाला काही कळायच्या आत जेसीबीच्या पुढच्या लोखंडी तोंडावर चढून उभा राहिला.

“आमच्या जमिनीवर तुम्ही अख्खं शहर बांधलंत, ते अधिकृत!” तो ओरडला. “आणि आम्ही आमच्याच अंगणात खोली बांधली, ती अनधिकृत? पहिलं ते टॉवर मोजा, मग माझ्या काकीचं घर मोजा!”

उत्कर्षा गॅलरीतून मोबाइलवर हे घेत होती. आपल्या नवऱ्यात असं काही आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी पालिकेचं पथक माघारी गेलं. तिने व्हिडिओ टाकला आणि संध्याकाळपर्यंत तो उरणपासून दिघ्यापर्यंत सगळ्या गावठाणांत पोचला. उज्वलाने अंकुरच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. तिचा मुलगा प्रणित कॉलेज सोडून घरीच असायचा. तो दुसऱ्या दिवसापासून अंकुरच्या मागे सावलीसारखा फिरू लागला.

अशी अंकुरच्या ‘स्वभूमी दल’ या संघटनेची सुरुवात झाली. सुरुवात वाईट नव्हती, असं उत्कर्षाला आजही वाटतं.

अडचण अशी होती की घरांचा प्रश्न कंटाळवाणा होता. सर्व्हे, हद्द, सुनावणी, शासन निर्णय. अंकुर रात्रंदिवस वाचून सभेत सगळं समजावून सांगायचा आणि लोक जांभया द्यायचे. तळ्याजवळच्या मैदानात एकदा अशीच सभा चालू होती. मागच्या खुर्च्या रिकाम्या होत होत्या. अंकुरने हातातले कागद खाली ठेवले आणि म्हणाला, “आपण इथे घरासाठी रडतोय, आणि बाहेरचे येऊन आपल्याच गल्लीत आपल्याला धक्का मारून पुढे जातायत!”

मैदान गरजलं. मघाशी उठलेली माणसं परत येऊन बसली. उत्कर्षा पहिल्या रांगेत होती. तिने त्याचा चेहरा पाहिला. अचानक कुणी हाक मारावी आणि आपण वळून पाहावं, तसा तो दिसत होता.

घरी आल्यावर तिने विचारलं, “बाहेरचे म्हणजे कोण रे? मीपण बाहेरचीच की.”

“तू घरातली,” तो हसून म्हणाला. “टेन्शन नको घेऊस. बोलायच्या ओघात आलं.”

पण पुढच्या सभेत ते सुरुवातीलाच आलं.

त्याच सुमारास ऋषी त्यांच्याकडे येऊ लागला. तो गावाला लागून असलेल्या टॉवरमध्ये राहायचा. वडील बँकेतून निवृत्त झालेले, दादरचं घर विकून इथे फ्लॅट घेतलेला. ऋषी जाहिरातीच्या धंद्यात होता आणि बोलायला फार गोड. पहिल्याच दिवशी त्याने शांतीच्या हातचा बोंबलाचा कालवण-भात मागून खाल्ला.

“दादा, ‘बाहेरचे’ हा शब्द पॉवरफुल आहे,” तो म्हणाला. “पण त्यात फार लोक बसतात. माझ्या सोसायटीतले सगळे बसतात. ते आपल्याबरोबर हवेत की समोर?”

“बरोबर.”

“मग शब्द जरा बारीक करू. घुसखोर म्हणू. म्हणजे कुणाला वाईट वाटणार नाही.”

“ज्यांना म्हणू त्यांना वाटेल ना,” उत्कर्षा म्हणाली.

ऋषी हसला. “वहिनी, ते कुठे आपल्याला मतं देणारेत?”

महापालिकेच्या निवडणुका लांबत चालल्या होत्या. आज होतील, उद्या होतील, असं करत वर्षं गेली. त्या वर्षांत अंकुर रस्त्यावरच मोठा झाला. गळ्यात भगवं उपरणं आलं, मागेपुढे गाड्या आल्या. दलाची पोरं फेरीवाल्यांना नावं विचारू लागली. नाव मुसलमानी असलं की कागद मागायचे आणि कागद दाखवले की ते खोटे आहेत म्हणायचे. पाव विकणाऱ्या एका म्हाताऱ्याची सायकल त्यांनी नाल्यात टाकली. उरणजवळच्या द्रोणागिरीच्या गोदामांवर अंकुरने मोटारसायकलींचा मोर्चा नेला. गेट उघडून आतल्या कामगारांना बाहेर रांगेत उभं केलं, आणि ते सगळ्या चॅनलांवर दिसलं. टॉवरमधल्या बायका त्याला रक्षाबंधनाला बोलवू लागल्या. सोसायट्यांच्या पूजेला त्याच्या हस्ते आरती होऊ लागली. ज्या टॉवरकडे बोट दाखवून बाप आयुष्यभर हळहळला, त्याच टॉवरच्या लॉबीत पोराच्या गळ्यात हार पडत होते.

हे सगळं जगाला दाखवायचं काम उत्कर्षाकडे होतं. दलाचं सोशल मीडियावरचं पान ती चालवायची. कुठला फोटो, कुठलं वाक्य, कुठे काय कापायचं, हे तिला चांगलं जमायचं. नाल्यात पडलेल्या सायकलीचा भाग तिने कापला होता. वाईट वाटलं म्हणून कापला असं ती स्वतःला सांगायची, पण तो दिसला असता तर दादाचं नाव खराब झालं असतं, हेही खरं होतं.

शांतीला या गडबडीत रस नव्हता. ती एकच विचारायची. “घराचा काय झाला? नोटिशीचा?”

“होईल गं आई. आधी ताकद वाढू दे.”

“ताकद कनाला पायजे? कागद पायजे.”

अंकुर उठून जायचा. घरांची फाइल तशीच कपाटावर पडून होती.

शांतीच्या घराच्या मागच्या बाजूला, वरच्या खोलीत इद्रिस राहायचा. बंगालमधल्या मालदा जिल्ह्यातला. जवळच्या पावणे गावातल्या एका वर्कशॉपात तो खिडक्यांच्या ग्रिल वेल्डिंग करायचा. एकटा आला होता, मग बायको रुबिना आली, मग मुलगी झाली, ती आता गावातल्याच शाळेत जात होती. तो इतकी वर्षं तिथे होता की आगरी बोलीत भांडूसुद्धा शकायचा. पावसाळ्यात शांतीचं गुडघेदुखीचं आजारपण सुरू झालं की सकाळी तिची मासळीची पाटी नाक्यापर्यंत तोच पोचवायचा आणि मग कामाला जायचा.

अंकुरच्या विरोधातल्या कुणीतरी इद्रिसचा एक फोटो काढून सगळीकडे पसरवला. पाटी घेऊन चाललेला तो आणि मागे शांती. खाली लिहिलं होतं, ‘दादांच्या घरातला पाहुणा कोण?’

ऋषी सकाळीच आला. “दादा, जोक होतोय आपला. हे आजच्या आज संपवायला पाहिजे.”

अंकुरने आईला हाक मारली. शांती हात पुसत आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “खोली माझे नावावर हाय. मी त्याला काढनार नाय.”

“आई, लोक माझ्यावर हसतायत.”

“हसू दे. माझे पाटीला हात लावताना नाय कोन हसला.”

मग अंकुर स्वतः वर गेला. बराच वेळ बसला, रुबिनाने केलेला चहाही प्यायला. खाली आल्यावर त्याने उत्कर्षाला सांगितलं, “तयार आहे तो. मुलीची परीक्षा झाली की काही महिने गावी जातो म्हणाला. मीच म्हटलं, नंतर ये परत. वाईट माणूस नाहीये गं.” त्याचा चेहरा सैल झाला होता. उत्कर्षालाही हलकं वाटलं. प्रश्न सुटला असं दोघांना वाटलं.

त्याच आठवड्यात कोपरखैरण्यात दलाची सभा होती. अंकुर बोलायला उभा राहिला आणि गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “आधी घरातला काढा!” हशा पिकला. तो हशा थांबेना. उत्कर्षा स्टेजच्या बाजूला उभी होती. अंकुरची मान लाल झालेली तिला दिसली.

“काढणार!” त्याने माइक तोंडाला लावला. “माझ्या घरातलासुद्धा काढणार! परीक्षा-बिरीक्षा काही नाही. या आठवड्यात काढणार. आणि कसा काढतो ते तुम्ही सगळे बघाल!”

हशाच्या जागी जयजयकार सुरू झाला. ‘परीक्षा’ हा शब्द त्या मैदानात फक्त दोघांना कळला. एक त्याला आणि एक तिला.

पुढे जे झालं ते दुपारी झालं, भर उन्हात. उत्कर्षा स्वयंपाकघरात होती. दलाच्या पानावर लाइव्ह सुरू झाल्याचा आवाज मोबाइलवर आला. तिने सवयीने उघडलं. पावण्यातली इद्रिसच्या वर्कशॉपमागची बंद शेड, गंजलेली पत्र्याची भिंत, दलाची पोरं, आणि मध्ये उकिडवा बसलेला इद्रिस. प्रणितच्या हातात मोबाइल होता, त्याचा आवाज येत होता. “कागद दाखव. कुठला तू? बोल!” इद्रिसच्या कपाळातून रक्त येत होतं. तो पुन्हा पुन्हा सांगत होता, घणसोलीत राहतो, मोकलांच्या घरात.

तेवढ्यात अंकुर आत आला. पोरांनी वाट करून दिली. इद्रिसने वर पाहिलं. त्याला किती बरं वाटलं ते मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावरही कळत होतं. तो चक्क हसला. “दादा आला,” तो म्हणाला. “दादा, तू सांग यांना. तू वळखतोस मना.”

चार-पाच मोबाइल अंकुरकडे वळले.

उत्कर्षा स्वयंपाकघरात उभी राहून जोरात म्हणाली, “सांग.” जणू त्याला ऐकू जाणार होतं.

“मी नाही ओळखत याला,” अंकुर म्हणाला, आणि त्याने इद्रिसच्या थोबाडीत मारली.

ती चापट फार जोराची नव्हती. पण तिच्यामागून पोरं तुटून पडली. कुणाच्या हातात सळई होती. उत्कर्षाने अंकुरला फोन लावला. तो पडद्यावर खिशातला फोन काढून कापताना दिसला. मग तो बाजूला झाला आणि चित्र हलायला लागलं.

शांती केव्हा मागे येऊन उभी राहिली ते तिला कळलं नव्हतं. शांतीने चपला घातल्या, नाक्यावर जाऊन रिक्षा पकडली आणि पावण्याला गेली. उत्कर्षाने पोलिसांना फोन केला. बोलताना तिला शेडचा पत्ता सांगता येईना. मग तिने पायऱ्या चढून रुबिनाचं दार वाजवलं.

शांती पोचली तेव्हा पोरं पळाली होती. तिने रस्त्यावरचा एक टेम्पो हात दाखवून थांबवला, ड्रायव्हरच्या मदतीने इद्रिसला उचललं आणि हॉस्पिटलात नेलं. वाटेत त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. तो शुद्धीवर आला नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला.

अंकुरला कर्जतजवळच्या एका फार्महाउसवर पकडलं. प्रणितला आणि बाकीच्या पोरांना त्याच्या आधीच. पुरावा शोधायची गरजच नव्हती, तो त्यांनी स्वतःच सगळ्या जगाला दाखवला होता. पहिले काही दिवस दलाने मोर्चे काढले, ‘दादा तुम आगे बढो’ झालं. मग हळूहळू टॉवरमधले लोक फोन उचलेनासे झाले. रक्षाबंधनाचे फोटो त्यांच्या पानांवरून गेले. ऋषी मात्र येत राहिला. वकील त्यानेच लावून दिला.

वकिलाचं म्हणणं होतं की अंकुर इद्रिसला खरंच ओळखत नव्हता, खोल्या आई बघायची. चापट मारली ती त्याला गप्प करायला, पुढचं पोरांनी केलं. शांतीने कोर्टात एवढंच सांगायचं की पोराला भाडेकरूंचं काही माहीत नसायचं.

शांती बेलापूरच्या कोर्टात नऊवारी नेसून गेली. वकिलाने विचारलं. ती पिंजऱ्याच्या कठड्याला धरून उभी होती. अंकुरकडे तिने एकदा पाहिलं.

“वळखीत होता,” ती म्हणाली. “चांगला वळखीत होता. माझे पोराचे लग्नान इद्रिस बॅन्जोपुढं नाचला. पोरानंच त्याला खांद्यावर घेतला होता.”

वकील काहीतरी पुटपुटला आणि खाली बसला. बाहेर आल्यावर शांती पायरीवर बसली आणि उत्कर्षाला म्हणाली, “पानी दे.” पाणी प्यायल्यावर तिला उलटी झाली. पुढे कित्येक महिने ती या विषयावर अवाक्षर बोलली नाही. उत्कर्षा अंकुरला भेटायला निघाली की मात्र ती दर वेळी भाकरीचा डबा करून द्यायची. डबा आत जात नाही असं सांगितलं तरी द्यायची.

जन्मठेप झाली. प्रणितलाही झाली. रुबिना निकालाच्या दिवशी कोर्टात होती. निकाल मराठीत वाचला, नंतर कुणीतरी तिला हिंदीत सांगितला. ती मुलीला घेऊन मालद्याला निघून गेली. जाण्याआधी ती शांतीला भेटली. दोघी बराच वेळ बंद दाराआड होत्या. काय बोलल्या ते उत्कर्षाने विचारलं नाही.

आणि मग, इतकी वर्षं लांबलेल्या निवडणुका एकदाच्या जाहीर झाल्या.

ऋषी पेढे घेऊन आला. “वहिनी, तुम्ही उभ्या राहा. सहानुभूतीची लाट आहे. दादांवर अन्याय झाला असं गावाला वाटतं.”

“तुला काय वाटतं?”

“मला वाटून काय उपयोग?” तो म्हणाला. “तुम्ही फक्त एकदा स्टेजवर या. मग ठरवा.”

उत्कर्षा गेली. का गेली, हे तिला नीट सांगता येत नाही. इतके दिवस घरात कोंडून राहिल्यावर कुणीतरी बोलवत होतं, एवढं कारण तिला पुरलं असावं. तळ्याजवळचं तेच मैदान गच्च भरलं होतं. तिच्या हातात माइक दिला. तिने काहीच ठरवलं नव्हतं. “मी तुमच्या गावात सून म्हणून आले,” ती म्हणाली, “आज तुमची लेक म्हणून उभी आहे.”

मैदान उठलं. बायका डोळे पुसत होत्या. तो आवाज तिच्या पायांतून वर चढला आणि छातीत भरला. कित्येक महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. पुढचं वाक्य आपोआप तिच्या जिभेवर आलं. ‘आपल्या घरच्या पुरुषांना तुरुंगात टाकून बाहेरचे मोकळे फिरतायत.’ तिने ते कुठून आणलं नव्हतं. ते आधीपासूनच तयार होतं. आणि ते म्हटलं तर काय होईल हेही तिला कळत होतं.

तिने माइक ऋषीच्या हातात दिला आणि ती स्टेजवरून उतरली. लोकांना वाटलं, तिला हुंदका आला.

दोन दिवसांनी तळोज्याच्या तुरुंगात मुलाखतीचा दिवस होता. काचेपलीकडे अंकुर बसला होता. वजन उतरलं होतं, दाढी पांढरी झाली होती. त्याने फोन कानाला लावला आणि आधी हेच विचारलं, “फॉर्म कधी भरतेयस?”

“भरत नाहीये.”

“वेडी आहेस का? सीट आपली आहे. मी इतकी वर्षं—”

“अंकुर,” ती म्हणाली, “एक विचारू? तो तुला बघून हसला. तेव्हा तुला काय वाटलं?”

मागे कुणाचं तरी पोर रडत होतं. त्याने फोन दुसऱ्या कानाला घेतला.

“राग आला,” तो म्हणाला. “खूप राग आला त्याचा. सगळ्यांसमोर हसला. मी त्याचाच माणूस आहे असा हसला.” त्याने मान खाली घातली. “होतोच ना मी. चहा पिऊन आलो होतो त्याच्याकडे.”

“तू फक्त ‘हो’ म्हणायचं होतंस.”

“हो म्हटलं असतं तर तिथंच संपलो असतो मी.”

तो कुठे बसून हे बोलतोय याचं त्याला भान नव्हतं, की असूनही तो तेच बोलत होता, हे तिला कळेना. वेळ संपल्याची हाक आली. उठताना तो म्हणाला, “आई येत नाही का गं?”

“तिचे गुडघे दुखतात,” तिने सांगितलं. ते अर्धं खरं होतं.

उमेदवारी ऋषीला मिळाली आणि तो निवडून आला. त्याच्या पत्रकावर दादांचा फोटो होता, पण कोपऱ्यात आणि लहान. प्रचारात तो गावात घरांविषयी बोलला आणि टॉवरमध्ये गावातल्या बांधकामांमुळे होणाऱ्या पाण्याच्या आणि पार्किंगच्या त्रासाविषयी. दोन्हीकडे टाळ्या मिळाल्या. उत्कर्षाने द्रोणागिरीत एका माल वाहतुकीच्या कंपनीत नोकरी धरली. कंटेनर कुठून कुठे जातात त्याची माहिती कॉम्प्युटरवर भरायची असते. काम सरळ आहे.

तळोज्याला जायच्या दिवशी ती सुट्टी घेते. पूर्वी ती एकटी जायची. एकदा बसथांब्यावर तिला उज्वला दिसली. प्रणितसाठी टॉवेल आणि साबण घेऊन ती निघाली होती. निकालानंतर उज्वलाने मोकलांच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. गल्लीत समोर आली तर तोंड फिरवायची. त्या दिवशी बस लवकर आली नाही. दोघी एकाच सावलीत उभ्या राहिल्या.

“तुझे नवऱ्यापायी माझा पोर गेला,” उज्वला एकदम म्हणाली.

“हो, काकी.”

उज्वलाला बहुधा भांडण हवं होतं. ते न मिळाल्यावर तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. बस आली, दोघी चढल्या, आणि एकच बाकडं रिकामं होतं म्हणून शेजारी बसल्या. पुढच्या खेपेलाही तसंच झालं. आता त्या बरोबरच जातात. जास्त बोलत नाहीत. कधी उज्वला सुकट भाजून आणते, कधी उत्कर्षा शेंगदाण्याची चटणी नेते. परत येताना खातात, कारण जाताना दोघींनाही घास जात नाही.

परवा परतीच्या बसमध्ये उज्वलाने विचारलं, “एक सांग गो. तू उभी का नाय राहिलीस? निवडून आली असतीस. पोरांना सोडवायला काय तरी केला असतास.”

उत्कर्षाने खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्याचं काम चाललं होतं. बस एकाच जागी खूप वेळ थांबली होती.

“मला बोलता येतं, काकी,” ती म्हणाली. “त्याच्याएवढंच येतं. त्या दिवशी मैदानात कळलं मला. लोक ओरडले ना, तेव्हा फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की पुढे काय बोलायचं ते आपोआप सुचलं. मी भ्याले.”

“कोनाला?”

“मलाच.”

उज्वलाने तिच्याकडे नीट पाहिलं. तिला ते पटलं की नाही, कोण जाणे. ती म्हणाली, “मी त्या दिवशी जेसीबीपुढं त्याची दृष्ट काढली होती. तवा तो चांगला होता.”

“हो,” उत्कर्षा म्हणाली. “होता.”

बस हलली. उज्वलाने पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि दोघींच्या मध्ये ठेवला.